जास्त पळालेली टूरिंग बाइक घेताय? ठाणे-नवी मुंबईत आधी एवढं करा

सेकंडहँड बाइकच्या जाहिराती चाळल्या की दोन प्रकारच्या गाड्या हमखास दिसतात. एक 2018ची, फक्त 14 हजार किलोमीटर, चकचकीत, "सिंगल हँड, एक रुपयाचं काम नाही". दुसरी त्याच वर्षाची, 62 हजार पळालेली, टाकीवर ओरखडे, मागे सामानाचा कॅरिअर आणि किंमत बरीच कमी. नवखा माणूस पहिलीकडे धावतो. माझं म्हणणं, आधी फोन दुसऱ्या गाडीच्या मालकाला करा आणि एकच विचारा: "सर्व्हिसची बिलं ठेवलीयत का?" हो म्हणाला तर पुढचं बोलू.

किलोमीटर वाचायचे कसे

इंजिन किती झिजलं हे ते किती तास चाललं आणि कसं चाललं यावर ठरतं. साधा हिशेब करा. जुन्या मुंबई-पुणे हायवेने, कसाऱ्याच्या घाटाने, गोवा हायवेने फिरलेल्या गाडीची सरासरी ताशी 50 धरली, तर 60 हजार किलोमीटर म्हणजे 1200 तास. घोडबंदर रोडवरून रोज ऑफिसला गेलेल्या गाडीची सरासरी 20 धरा. तिचे 24 हजार किलोमीटर झाले, की तेवढेच 1200 तास भरले. त्यात हायवेवरची गाडी टॉप गिअरमध्ये वारा खात गेलेली. घोडबंदरवाली मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, ट्रकच्या मागे तापत उभी राहिलेली. क्लच प्लेट, गिअर आणि ब्रेक कोणाचे जास्त झिजले असतील ते तुम्हीच ठरवा.

कमी पळालेल्या गाडीची दुसरी गंमत म्हणजे ती उभी असते. खारघर, उलवे, ऐरोली, कुठल्याही सोसायटीच्या स्टिल्टमध्ये कव्हर घालून वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बाइक दिसतील. खाडीची खारट हवा आणि चार महिने दमट पावसाळा. उभ्या गाडीचे ऑइल सील कडक होतात, टाकीला आतून गंज धरतो, डिस्क ब्रेकचा पिस्टन जॅम होतो, टायरला बारीक चिरा पडतात. मीटरवर आकडा छोटा राहतो आणि खर्च मोठा होतो.

शिवाय मीटर मागे फिरवणं आता फार अवघड राहिलेलं नाही, डिजिटल असला तरी. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी बाकीची गाडी काय म्हणते ते बघा. 18 हजार पळालेल्या गाडीचे फुटरेस्टचे रबर गुळगुळीत नसतात, ब्रेक पेडलची जाळी घासून सपाट झालेली नसते आणि डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा उंचवटा तयार झालेला नसतो.

कुठली गाडी

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे इथून निघणाऱ्या बाइकवाल्याचे रस्ते ठरलेले: पनवेल-खोपोलीवरून जुना हायवे, कल्याण-मुरबाडवरून माळशेज, कसारामार्गे नाशिक, पेणवरून कोकण. या रस्त्यांवर ताशी 140 पळणाऱ्या गाडीचं काम नाही. घाटात सामान आणि मागे माणूस घेऊन कुरकुर न करता चढणारी, बसायला आरामशीर आणि जिचे पार्ट सहज मिळतात अशी गाडी हवी.

पार्टचा मुद्दा पहिल्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड 2020मध्ये बंद झाली, पण तिच्या इंजिनाचे पार्ट गल्लीतल्या मेकॅनिकलाही माहीत आहेत. 20 लिटरची टाकी ही तिची आणखी एक जमेची बाजू. 411 सीसीची हिमालयन (2016 ते 2023) आणि डॉमिनार 400 यांचाही जुना बाजार मोठा आहे. डॉमिनार लिक्विड कूल्ड आहे, म्हणजे तिचं इंजिन कूलंट नावाच्या द्रवाने थंड होतं, त्यामुळे रेडिएटर आणि कूलंटकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. होंडाची सीबीआर 250आर गाडी म्हणून उत्तम, पण भारतात ती 2020पासून बंद आहे. फेअरिंगचा (पुढच्या-बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) एक तुकडा शोधताना दमछाक होते. पहिलीच टूरिंग बाइक असेल तर अशा गाडीच्या प्रेमात पडू नका.

घरबसल्या कागद बघा

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून नंबर घ्या. नंबर द्यायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जाऊच नका. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेले दंड समोर येतात. ठाण्यातल्या गाड्यांवर ही यादी कधी कधी वाचनीय असते. दंड व्यवहाराआधी विकणाऱ्यानेच भरायचा.

नवख्याने शक्यतो एमएच 04 (ठाणे), एमएच 43 (नवी मुंबई), एमएच 05 (कल्याण) किंवा एमएच 46 (पनवेल) यातलीच गाडी बघावी. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), इथला टॅक्स, पुन्हा नोंदणी, नवा नंबर असं सगळं करता करता स्वस्ताई संपते. 1 एप्रिल 2019पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा. आणि 15 वर्षं पूर्ण होत आली असतील तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात पडणार हे लक्षात ठेवून भाव करा.

"मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. हा जुना फसवणुकीचा प्रकार आहे. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया टोकन द्यायचं नाही.

बघायला जाताना

सकाळी उजेडात जा, पाऊस पडून गेलेला नसावा. बरोबर टॉर्च, जुनं फडकं, फ्रिजवरचं एक लोहचुंबक आणि जमल्यास मल्टिमीटर. ओळखीचा मेकॅनिक असेल तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन न्या. "जरा येतोस का" म्हणून फुकट नेऊ नका, फुकटच्या माणसाला लवकर घरी जायचं असतं.

फोनवर आधीच सांगा, "दादा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाला हात लावणं. गरम लागलं तर समजा थंड इंजिनाची काहीतरी तक्रार लपवायची आहे. खारघरला एकाने मला दारातच सांगितलं, "आत्ताच पेट्रोल भरून आणलं ना, म्हणून गरम आहे." टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोल तळाला. चहा घेतला आणि निघालो.

इंजिन थंड असेल तर ऑइलचं झाकण काढून आतून बघा. ऑइल काळं असणं ठीक. लिक्विड कूल्ड गाडीत झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे, तिथे थांबा. एअर कूल्ड गाडीत पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे थोडी वाफ साचून असं दिसू शकतं, लगेच घाबरू नका. मग सेल्फ मारा. सुरुवातीचा पांढरा धूर दोन-तीन मिनिटांत गेला पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस सोडल्यावर निळा धूर आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील, सतत आला तर रिंग-पिस्टन. काळा धूर त्या मानाने स्वस्त दुखणं, एअर फिल्टर किंवा पेट्रोलचं सेटिंग. थंड इंजिनात उजवी-डावीकडून साखळी खडखडल्यासारखा आवाज येऊन तो गरम झाल्यावरही राहिला, तर टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली चेन) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर गेलेला असतो.

आता अपघाताच्या खुणा. लोक टाकीवरचा डेंट बघतात, तो बघू नका. हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवा आणि टॉर्चने हँडलच्या खाली फ्रेमला जिथे ते अडतं तो लोखंडी स्टॉपर बघा. पुढून जोरात आदळलेल्या गाडीत तो चेपलेला किंवा वाकलेला असतो, तिथला रंग उडालेला असतो. हा भाग कोणी पॉलिश करत नाही, म्हणून तो खरं बोलतो. फ्रेमच्या मानेजवळ रंगाला तडे किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर व्यवहार संपला. टाकीवर लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

टूरिंग गाडीत तीन जागा खास बघायच्या. मागच्या कॅरिअरखालची सबफ्रेम (सीट आणि सामान पेलणारा मागचा सांगाडा), कारण जड बॅगा आणि पेट्रोलचे कॅन बांधून तिथे बारीक तडे जातात. दुसरी, वायरिंग. फॉग लाइट, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न यासाठी कुणीतरी वायर कापून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. पुढे कधीतरी घाटात रात्री लाइट जातो तो याच जोडातून. सीट उघडून बघा, जोड मोजा. तिसरी, चाकांचे बेअरिंग. लेह-लडाखचे स्टिकर अभिमानाने लावलेले असतील तर ती गाडी पाण्याच्या प्रवाहांतून गेलेली आहे हेही त्यातच आलं. मेन स्टँडवर चाक वर घेऊन वरून-खालून हलवा, टकटक जाणवली तर बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलाय. दुरुस्ती फार मोठी नाही, पण घासाघीस करायला उपयोगी.

पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर फडकं फिरवा, ऑइल लागतंय का बघा. नळीवर गंजाचे ठिपके नखाला लागत असतील तर नवीन सील घालूनही ते फाटणार. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही असो, बदलायचाच. चेन मागच्या चकतीवर मधोमध धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला किंवा दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकले असतील, तर पूर्ण चेनसेट (चेन आणि दोन्ही चकत्या) बदलायचा. टायरची जोडी आणि चेनसेट मिळून 10-15 हजार सहज जातात, तेवढे भावातून वजा करा.

चालवून बघताना

इन्शुरन्स चालू असेल तरच चालवा, आणि मालकाकडे स्वतःच्या गाडीची चावी ठेवून जा, म्हणजे त्यालाही धीर.

एक रस्ता सपाट आणि सलग हवा, एक चढाचा, एक खराब. नवी मुंबईत पामबीच रोड आणि बेलापूरहून पारसिक हिलचा चढ. ठाण्यात उपवनहून येऊरकडे जाणारा रस्ता. खराब रस्ता मुद्दाम शोधावा लागत नाही, घोडबंदरचा सर्व्हिस रोड आहेच. चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना रेस एकदम उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग नाही चढला, तर क्लच प्लेट घसरतायत. सपाट रस्त्यावर 50-60 ला हँडल एका बाजूला ओढतंय किंवा थरथरतंय का बघा. खड्ड्यात पुढून ठक्क आवाज आला तर कोनसेट किंवा शॉकअप. 2019पासूनच्या 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो लागतच नसेल, तर बल्ब काढून टाकलेला असू शकतो.

परत आल्यावर बंद गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साधारण 12.6 व्होल्ट हवेत. सुरू करून थोडी रेस दिली की 13.8 ते 14.5. तेवढे येत नसतील तर चार्जिंग कॉइल किंवा रेग्युलेटर बघावा लागेल. टूरवर दगा देणाऱ्या गोष्टींत याचा नंबर वरचा.

व्यवहार

पूर्ण रोख देऊन "आरसी नंतर बघू" असं कधी करू नका. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 दोघांच्या सह्यांनी भरा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं. नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवली तर विकणारा फोन उचलतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलंय, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. हे विकणाऱ्याला समजावून सांगितलंत तर तोच तुमच्या आधी आरटीओत पोहोचेल.

इन्शुरन्सही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तो तुम्हाला मिळत नाही. पॉलिसीच्या फरकाचे पैसे धरून चाला.

घरी आल्यावर

गाडीच्या किमतीच्या 20 ते 25 टक्के बाजूला ठेवूनच खरेदी करा. 80 हजार खिशात असतील तर 64-66 हजारांची गाडी बघा. हे पैसे पहिल्या महिन्यातच लागतात.

आधीच्या मालकाने "आत्ताच ऑइल बदललंय" म्हटलं तरी पुन्हा बदला. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, पुढच्या शॉकअपचं ऑइल. टॅपेट सेटिंग (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) तपासून घ्या, कोनसेट आणि स्विंग आर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) ग्रीस. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच आणि डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए2 लिहिलेलं. कारसाठीचं ऑइल घालू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरायला लागतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं आणि आपल्याकडे आर्द्रतेचा तुटवडा नाही, म्हणून दोन वर्षांनी बदलणं टाळू नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यामुळे जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप फुगलेत का, तडे गेलेत का, हेही एकदा बघून घ्या.

काय, कधी, किती किलोमीटरला बदललं ते वहीत लिहा आणि बिलं त्याच वहीत खोचा. गाडी विकायची वेळ आली की याच वहीमुळे भाव मिळतो.

चेन

चेनवर जास्त लिहितोय, कारण टूरिंग बाइकच्या देखभालीत सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. 500-700 किलोमीटरला, पावसात भिजली तर त्याच दिवशी, साफ करून ऑइल द्या. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, त्याने कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस बाहेर पडतं. नंतर चेन लुब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने, आणि अर्धा तास थांबून जास्तीचं पुसून घ्या. चेन प्रवासाहून आल्यावर गरम असताना ऑइल दिलं तर ते नीट मुरतं.

चाक हाताने फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. मेन स्टँडवर गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक अजून दिसतात. फडकं चेनमध्ये गेलं की मागोमाग बोट जातं.

ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असेल तर चेन असमान ताणली गेलीय, तिचा शेवट जवळ आला.

पावसाळा आणि लांबचा प्रवास

जूनच्या आधी केबलमध्ये ऑइल, कनेक्टरवर गंजरोधक स्प्रे, आणि सायलेन्सरच्या खालचं पाणी निघायचं बारीक भोक उघडं आहे का बघा. सायलेन्सर आतून कुजतो, विशेषतः ज्यांची फेरी फक्त स्टेशनपर्यंतची आहे त्यांचा. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास नीट गरम होईल इतकी चालवा. नुसती पार्किंगमध्ये पाच मिनिटं सुरू ठेवण्याने नुकसानच होतं. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालून वाफेत कोंडू नका.

लांब निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हिस करा, आदल्या दिवशी नको. मेकॅनिकने एखादा नट कच्चा ठेवला असेल तर तो ठाण्या-वाशीच्या फेऱ्यांत कळू दे. बरोबर फ्यूज, दोन पाने, पंक्चर किट, टायरमध्ये ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब. आणि क्लचची नवी केबल घरीच जुनीच्या शेजारून ओवून, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधून ठेवा. माळशेजला जुनी तुटली तर टाकी न काढता पाच मिनिटांत टोकं बदलून निघता येतं.